भोंग्याची शुगर

म्हात्रे मॅडमच्या बदलापूर-कुळगावच्या दवाखान्यात भिंतीला लागून एक लांब बाकडं आहे. मांडीवर मांजर किंवा पायाशी कुत्रा घेऊन माणसं तिथे आपल्या नंबराची वाट बघत बसलेली असतात. आतून मॅडमचा आवाज येतो, "दरवर्षीचं रक्त राहिलंय ह्याचं, आज देऊन जा." मग बाकड्यावरचं कुणीतरी माझ्याकडे वळून हळूच विचारतं, "हे खरंच लागतं का हो? चांगला धडधाकट तर दिसतोय."

आमचा भोंगा तेव्हा माझ्या चपलेवर हनुवटी टेकून पडलेला असतो. त्याला आता दिसत नाही. पण बाकड्याखाली कोण आहे, कुत्रा की मांजर, हे त्याला नाकाने कळतं.

मी त्या माणसांना उत्तर देते, पण तेवढ्यात कुणाचा तरी नंबर येतो आणि सांगणं अर्धंच राहतं. म्हणून आज सगळं सलग लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झाले आहे, आमच्या घरात पहिलीच, आणि अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात कामाला आहे. औषधांबद्दल मला विचारू नका, ते मॅडमना विचारा. आमच्या घरात काय झालं, एवढंच मी सांगू शकते.

नाव कसं पडलं

बाबा एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. शिफ्टचा भोंगा वाजवायचं काम बॉयलरवाल्यांकडेच असायचं. गेटपाशी एक तपकिरी पिल्लू फिरायचं. भोंगा सुरू झाला की ते मान वर करून त्याच सुरात ओरडायचं, आणि भोंगा थांबला तरी हे आपलं चालूच. वॉचमन लोक त्यालाच भोंगा म्हणायला लागले.

एका वर्षी चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, बाबा सकाळची शिफ्ट संपवून मिरवणुकीसाठी घाईघाईने घरी यायला निघाले. पिल्लू त्यांच्या मागे मागे आमच्या चाळीपर्यंत आलं. त्या दिवशी चाळीत येईल त्याच्या हातावर गोड पडतं, तसं त्याच्याही पुढे पडलं. मग ते गेलंच नाही. त्याचा जन्म कधीचा हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तोच त्याचा वाढदिवस. पुढे रेबीजचं इंजेक्शनही आम्ही दरवर्षी जयंती झाल्यावर येणाऱ्या शनिवारी द्यायला लागलो. लक्षात ठेवायला सोपं.

तो सात वर्षांचा झाला तेव्हा म्हात्रे मॅडम म्हणाल्या, "आता ह्याचं रक्तही दरवर्षी तपासायचं."

"पण मॅडम, तो आजारी नाहीये," मी म्हटलं.

"म्हणूनच. आजारी नसताना तो कसा असतो, ते मला आत्ता कळायला हवं. उद्या आजारी पडला तर मी कशाशी ताडून बघू?"

मला ते पटलं, पण पूर्ण नाही. मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्यांना नाही कसं म्हणायचं, हा त्यात मोठा भाग होता. त्यांनी पुढच्या पायातून रक्त काढलं, बाटल्या माझ्या हातात दिल्या आणि उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका लॅबचा पत्ता दिला. ती माणसांची लॅब होती, पण तिचे मालक मॅडमकडचे नमुने तपासून द्यायचे. मी बाटल्या माझ्या डब्याच्या पिशवीत, बर्फाच्या पुडीत गुंडाळून नेल्या. मालक एक म्हातारे सिंधी गृहस्थ. सिंधीत आदराने कुणालाही म्हणतात तसं, सगळे त्यांना साईं म्हणत. त्यांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने 'डॉग' असं लिहून घेतलं.

रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल.

बाबा म्हणाले, "एवढं रक्त काढलं, आणि निघालं काहीच नाही?" जणू विहीर खणली आणि पाणी लागलं नाही.

मॅडमनी मात्र तो कागद नीट घडी घालून फाइलला लावला. "हा सांभाळून ठेवू," म्हणाल्या. त्या कागदाचा उपयोग पुढच्या वर्षी झाला.

ताकद

आता आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी शाळेत असताना मला टायफॉइड झाला होता. पोटात पाणी ठरत नव्हतं. सरकारी दवाखान्यात मला सलाइन लावलं, आणि नर्सने आईला सांगितलं, "घाबरू नका, ग्लुकोजची बाटली चढवली आहे, आता ताकद येईल." आई त्या बाटलीकडे बघत बसून राहिली. एकेक थेंब पडताना ती मनात काय म्हणत होती ते मला माहीत नाही, पण तिसऱ्या बाटलीनंतर मी डोळे उघडून पाणी मागितलं. तेव्हापासून ग्लुकोज हा आईसाठी साधा शब्द राहिला नाही. उन्हाळ्यात बाबा बॉयलरवरून भाजून निघाल्यासारखे यायचे, तेव्हा तांब्यात ग्लुकोज. माझ्या परीक्षांच्या वेळी ग्लुकोज. कुणी बाळंतीण भेटायला आली तर तिलाही पिशवीत एक पुडा.

तर त्या वर्षी, भोंगा आठ वर्षांचा होत आला तेव्हा, तो बारीक दिसायला लागला. खायचा तर दुप्पट. आई म्हणाली, "खातोय पण अंगी लागत नाही. वय झालं लेकराचं." त्यात तो पाणी खूप प्यायला लागला. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड, त्यामुळे मोरीत पिंप भरून ठेवलेलं. त्याचं भांडं रिकामं झालं की तो पिंपाला नाक लावून उभा राहायचा. एप्रिलचं ऊन होतं, आम्हीही तांबेच्या तांबे पीत होतो. आई शेजारच्या शिंदेकाकूंना कौतुकाने सांगायची, "माणसांना सांगावं लागतं पाणी प्या म्हणून. ह्याला बघा, न सांगता कळतं."

"मुतायला पण न सांगता कळू दे म्हणावं," शिंदेकाकू म्हणाल्या. "आमच्या पायरीवर करून ठेवतो हल्ली."

तेही खरं होतं. इतकी वर्षं शहाण्यासारखा बाहेर जाणारा भोंगा दारातच बसायला लागला होता. आम्ही त्यालाही वय म्हटलं. आणि आईने तिला माहीत होता तो उपाय सुरू केला. सकाळी त्याच्या पाण्यात दोन चमचे ग्लुकोज, संध्याकाळी ग्लुकोजची बिस्किटं. पुडा मीच आणून द्यायचे, ऑफिसमधून येताना.

तो आनंदाने प्यायचा. गोड कुणाला नको असतं?

फोन

जयंती झाली. शनिवारी आम्ही कुळगावला गेलो. रिक्षावाले कुत्रा बघून मान हलवतात, पण आमच्या नाक्यावरचे एक काका, त्यांच्या घरी स्वतःची दोन मांजरं, ते नेहमी नेतात. मॅडमनी त्याचं वजन केलं, मागच्या वर्षीचं काढून बघितलं. इंजेक्शन दिलं, रक्त काढलं.

लॅबच्या काउंटरवर त्या दिवशी साईं नव्हते. नवीन मुलगी होती. तिने विचारलं, पेशंटचं नाव? मी म्हटलं, भोंगा. तिने लिहिलं. आडनाव? साळवे. वय? आठ. तिने पुढे लिहिलं, मेल. ती पावती मी बसमध्ये बसून वाचली. भोंगा साळवे, आठ, मेल. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. त्याचं आडनाव असं पहिल्यांदाच कुणी कागदावर लिहिलं होतं. फोन नंबर म्हणून ऑफिसचा दिला होता. रिपोर्ट पुढच्या शनिवारी जाता-येता घेऊ, असं ठरवलं. घाई कसली, नेहमीचीच तर तपासणी.

सोमवारी दुपारी ऑफिसात फोन आला. मी उचलला.

"मैडम, मैं लैब से बोल रहा हूँ, कैंप चार. भोंगा आपका ही है ना?"

आवाज साईंचा नव्हता, तरुण माणसाचा होता. मी म्हटलं, हो, माझाच.

"आठ साल का?"

"हाँ."

"मैडम, घबराना नहीं. उसका ग्लुकोज चार सौ के ऊपर आया है. मैंने दो बार मशीन पे लगाया. खून देने से पहले उसको कुछ मीठा दिया था क्या?"

मला तेव्हा काय सुचावं? मी खरं ते सांगितलं. "सुबह पानी में ग्लुकोज दिया. आई देती है रोज."

 मग तो जवळजवळ ओरडला. "रोज? मैडम, बच्चे को ग्लुकोज बंद करो, एकदम बंद. अभी के अभी निकलो. इतने छोटे बच्चे को इतना शुगर, बेहोश हो जाएगा. कौन से डॉक्टर का केस है?"

"म्हात्रे मैडम. बदलापूर."

"बच्चों की डॉक्टर है?"

"जानवरों की."

"मतलब?"

"भोंगा कुत्ता है, भैया."

आमच्या ऑफिसात तोवर सगळे टायपिंग थांबवून माझ्याकडे बघत होते. फोनवर मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. "अरे साईं," तो म्हणाला, "मैं तो सुबह से टेंशन में हूँ. नाम पढ़ के मुझे लगा, आपके मराठी लोगों में रखते होंगे."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्याच्याही ते लक्षात आलं असावं. तो हळू आवाजात म्हणाला, "फिर भी मैडम, जान तो जान है. शनिवार तक मत रुको. आज ही जाओ."

त्या माणसाला मी कधी बघितलं नाही. पुढच्या वेळी गेले तेव्हा तो दुसरीकडे कामाला लागला होता. पण एका चुकीच्या समजुतीपायी त्याने फोन केला, आणि समजूत चुकीची निघाल्यावरही ठेवून दिला नाही, ह्याचे आभार मला कुठे मानायचे ते कळत नाही. म्हणून इथे मानते. नाहीतर आणखी पाच दिवस आम्ही प्रेमाने त्याच्या पाण्यात ग्लुकोज घालत राहिलो असतो.

बाकड्यावर

मी घरी पोहोचले तेव्हा आई दारात भोंग्याच्या अंगावरून फणी फिरवत बसली होती.

"आई, लॅबमधून फोन आलेला. ह्याच्या रक्तात ग्लुकोज खूप आहे."

आईचा चेहरा फुलला. "बघ. मी म्हणत नव्हते? लागतंय हळूहळू अंगाला."

मी खुंटीवरून भोंग्याचा पट्टा काढला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता चपला घातल्या. रिक्षाकाकांना बोलावलं. आई म्हणाली, मी पण येते.

मॅडमनी भोंग्याची लघवी एका पट्टीवर तपासली. मग मागच्या वर्षीचा कागद आणि ह्या वर्षीचा कागद शेजारी शेजारी ठेवले. मागच्या वर्षी नव्वदीत होता तो आकडा ह्या वर्षी चारशेवर गेला होता. बाकी किडनी, लिव्हर जवळजवळ पूर्वीसारखंच. "हेच बघायचं होतं मला," मॅडम म्हणाल्या. "आजार नवा आहे. बाकी कुठे पसरलेला नाही. वेळेवर सापडला."

"कसला आजार?" आईने विचारलं.

"शुगर, आई. डायबिटीस. माणसांना होतो तसाच कुत्र्यांनाही होतो. रक्तात साखर असते, पण ती अंगात जिरत नाही. नुसती लघवीतून वाहून जाते. म्हणून भूक, म्हणून तहान, म्हणून हा बारीक झालाय."

आई ऐकत होती. मग तिने विचारलं, "आणि ग्लुकोज?"

मॅडमना आमच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. त्या सहज म्हणाल्या, "ग्लुकोज म्हणजे साखरच ना. ते तर विषासारखं आता ह्याला."

आई उठली आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसली.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या बाहेर आल्या, आईच्या शेजारी बसल्या. बाकड्यावर एक कोंबडी घेऊन आलेला माणूस सरकून बसला. "आई, इकडे बघा. तुमच्या ग्लुकोजने त्याला आजार झालेला नाही. आजार आधीच होता. आपल्याला तो कळला नव्हता एवढंच."

आईने मान हलवली. भोंगा रिक्षात तिच्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. ती पाय आखडून बसली होती, जणू त्याला तिचा स्पर्श बाधेल.

मोसंबी

पुढचे काही दिवस सकाळी त्याला दवाखान्यात सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं, असं चाललं. इन्सुलिन किती लागेल हे मॅडमना ठरवायचं होतं. दर थोड्या वेळाने कानाला बारीक टोचून थेंबभर रक्त घ्यायचं. पहिल्या दिवशी तो ओरडला, दुसऱ्या दिवशी त्याने कान पाडून सहन केलं, तिसऱ्या दिवशी मॅडम समोर आल्या की स्वतःच डोकं वळवून कान पुढे करायला लागला. मॅडमच्या मदतनीस ताई म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा आमचे पेशंटवाले जास्त रडतात."

मला सुई द्यायला शिकायचं होतं. मॅडमनी मोसंबीवर सराव करायला सांगितलं. आमच्या घरात त्या आठवड्यात भोकं पडलेली मोसंबी साठली, आणि बाबा ती गुपचूप सोलून खायचे. मला मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई आत सरकवायला जमलं. बाबांनाही जमलं. आयुष्यभर वाफेचे व्हॉल्व्ह फिरवलेले त्यांचे हात, मला वाटलं थरथरतील, पण एवढ्याशा सिरिंजवरची बारीक रेघ ते चष्मा वर करून अगदी बरोबर धरायचे.

इन्सुलिन बारा-बारा तासांनी द्यायचं. आमच्या चाळीमागच्या एका कंपनीचा भोंगा सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला वाजतो. मग तेच ठरलं. भोंगा वाजला की भोंगा ओरडणार, मग जेवणार, आणि जेवल्यावर सुई. आधी जेवण, मग सुई, हा क्रम चुकवायचा नाही, हे मॅडमनी तीनदा सांगितलं होतं.

चाळीत अर्थात चर्चा झाली. शिंदेकाकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वैशाली, कुत्र्याचं रक्त तपासतेस ते ठीक, कधी बापाचं तपासलंस का?"

मला राग आला. बाबा म्हणाले, "बरोबर बोलतात त्या." आणि पेपर वाचत राहिले.

घरातला खरा ताण वेगळाच होता. आई भोंग्याला भरवेना. इतकी वर्षं त्याचं ताट तिच्या हातचं. आता ती भाकरी करायची, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे डाळ, भाज्या, चिकन उकडून ठेवायची, पण त्याच्यापुढे ठेवायला मला नाहीतर बाबांना सांगायची. तो तिच्यासमोर जाऊन बसायचा. ती भिंतीकडे तोंड करायची.

एके दिवशी संध्याकाळी बाबा म्हणाले, "अगं, त्याला काय माहीत ग्लुकोज काय आणि साखर काय? त्याला फक्त तुझा हात माहीत."

आई भाकरी थापत राहिली. पण सुई आणि भरवणं सोडून बाकी सगळं ती हळूहळू आपल्याकडे घ्यायला लागली. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. फ्रीज तासन्‌तास बंद. इन्सुलिन खराब होईल ह्या काळजीने मी हैराण झाले होते. आईने बाजारातून एक लहान मडकं आणलं. टोपलीत वाळू पसरली, वाळूवर पाणी शिंपडलं, त्यावर मडकं ठेवलं आणि इन्सुलिनची बाटली सुक्या डबीत घालून आत. ती दिवसातून दोनदा वाळू ओली करायची. मॅडमना दाखवलं तर त्यांनी मडक्यात हात घालून बघितला आणि म्हणाल्या, "चालेल. चांगलं चालेल." आईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी थोडं काहीतरी परत आलं.

भोंग्याचं वजन वाढलं. पाणी कमी झालं. शिंदेकाकूंची पायरी कोरडी राहायला लागली, आणि एक दिवस त्यांनी त्याच्यासाठी उकडलेलं अंडं आणून दिलं, "साखर नाही ह्यात" असं बजावून.

शुगरने डोळे जाऊ शकतात, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. दिवाळीच्या सुमाराला त्याच्या बुबुळांवर दुधासारखी साय दिसायला लागली आणि काही आठवड्यांत तो दाराच्या चौकटीवर आपटायला लागला. मी रडले. मॅडम म्हणाल्या, "तो तुझ्याइतका दुःखी नाहीये. घरातलं सामान हलवू नका, म्हणजे झालं." आम्ही आजही सामान हलवत नाही. दसऱ्याची साफसफाईसुद्धा सगळं होतं तिथेच ठेवून करतो.

रविवार

हे सांगायला मी सगळ्यात जास्त घाबरत होते, पण सांगायला हवं, कारण हे कुणाच्याही घरी होऊ शकतं.

रविवार होता. सकाळी भोंगा वाजला, तो ओरडला, जेवला. मी सुई दिली. मी भांडी घासायला बसले, बाबा दाढी करत होते. थोड्या वेळाने आईने हाक मारली. तिचा आवाज वेगळा होता.

तो उभा होता, पण मागचे पाय त्याच्या अंगाखालून निसटत होते. डोकं एका बाजूला कलत होतं. मग तो पडला आणि त्याचं सगळं अंग थरथरायला लागलं. बाबांनी पिंपामागे बघितलं. सकाळचं सगळं जेवण तिथे उलटून पडलं होतं. सुई अंगात गेली, आणि अन्न बाहेर आलं. आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं.

मी मॅडमच्या मोबाईलवर फोन लावला. दोन वेळा लागला नाही. तिसऱ्या वेळी उचलला. मी काय बोलले मला आठवत नाही.

मॅडमचा आवाज एकदम शांत होता. "वैशाली, साखर उतरली आहे त्याची. आत्ता उचलून आणू नकोस. आधी घरात ग्लुकोज आहे का सांग."

"नाही मॅडम. टाकून दिला. साखर आहे."

"साखर चालेल, पण ग्लुकोज असता तर लवकर..."

माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. आईचा. त्यात ग्लुकोजचा पुडा होता. रबरबँड लावलेला, अर्धा भरलेला, तोच जुना. फळीवर डाळींच्या डब्यांच्या मागे तिने तो ठेवला होता. मी तिच्याकडे बघितलं.

"टाकवला नाही मला," ती म्हणाली. "तू वाचली होतीस त्याने."

मॅडम फोनवरून सांगत होत्या. थोड्या पाण्यात कालवा, घट्ट. तोंडात ओतू नका, घशात अडकेल. बोटाने हिरड्यांना चोळा, ओठांच्या आतून. आई खाली बसली. भोंग्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं. इतके महिने त्याला नुसतं लांबून बघणाऱ्या तिने त्याचे दात बोटांनी वेगळे केले आणि ग्लुकोज चोळायला लागली. हळूहळू, पुन्हा पुन्हा, जसं लहान बाळाला मध चाटवतात. तिच्या बोटाला दात लागून रक्त आलं, ते तिने साडीला पुसलं आणि पुन्हा बोट बुडवलं.

मी फोन कानाला धरून उभी होते. मॅडमनीही फोन ठेवला नव्हता.

थरथर कमी झाली. मग थांबली. मग त्याची जीभ बाहेर आली आणि आईचं बोट चाटायला लागली. ते गोड होतं ना, म्हणून.

बाबांनी रिक्षाकाकांना बोलावलं. कुळगावला जाताना तो आईच्या पायावर डोकं ठेवून पडला होता, आणि ह्या वेळी आईने पाय आखडला नव्हता. मॅडमनी त्याला तपासलं, इन्सुलिनचा डोस जरा कमी केला, आणि आईला म्हणाल्या, "आई, पुडा कायम घरात ठेवायचा हं. फक्त अशा दिवसासाठी."

"ठेवते," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मी सांगत नव्हते? ग्लुकोज म्हणजे ताकद. फक्त कुणाला, कधी, ते बघून द्यायची."

आणि आता

ह्या गोष्टीला दोन वर्षं झाली. भोंगा अजून आहे. त्याला दिसत नाही, चालताना आधी नाक पुढे जातं, मग तो. रेबीजच्या इंजेक्शनसोबत रक्त दरवर्षी देतो, आणि मॅडम नवा कागद जुन्या कागदांशेजारी ठेवून बघतात.

मागच्या वर्षी लॅबला जाताना बाबा म्हणाले, मी पण येतो. काउंटरवर साईं स्वतः होते. त्यांनी भोंग्याच्या बाटल्या घेतल्या, कोपऱ्यात 'डॉग' लिहिलं, आणि बाबांकडे बघून म्हणाले, "और साईं, आप?"

"मेरा भी निकालो," बाबांनी बाही वर केली. "मैं आजारी नहीं हूँ."

"इसीलिए तो," साईं म्हणाले.

बाबांची साखर काठावर आली. आई आता त्यांच्या चहात अर्धाच चमचा घालते आणि त्यांची कुरकुर शांतपणे ऐकते.

म्हणून बाकड्यावर बसून मला विचारणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. तुमचं जनावर धडधाकट दिसतंय ना? मग आजच रक्त द्या. ते बोलत नाही. तहान लागली तर पाणी पितं, आणि आपण त्याचं कौतुक करतो. त्याच्या आत काय चाललंय ते त्याला आपल्याला सांगता येत नाही. ते सांगतो तो कागद, आणि तो कागदही एकटा सांगत नाही, त्याला मागच्या वर्षीचा सोबती लागतो.

मी हे लिहीत असताना संध्याकाळचे सात वाजले. मागच्या कंपनीचा भोंगा सुरू झाला. आमचा भोंगा दारात उठून बसला, आंधळे डोळे आभाळाकडे लावून ओरडायला लागला. कंपनीचा थांबला तरी हा थांबला नाही. आई त्याचं ताट घेऊन आली, त्याच्यासमोर बसली, आणि त्याचं ओरडणं संपेपर्यंत हातातला घास तसाच धरून राहिली.